पेटीतली जुनेरं

"दाजी, आज तरी पेटी उघडा."

नाथा चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि इंजिनातलं डिझेल बघायला उठलो.

"दाजी, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

हे त्यानं म्हणायला नको होतं. ते शब्द त्याच्या बहिणीचे होते, म्हणजे माझ्या बायकोचे. सगुणाला जाऊन सात महिने झाले होते आणि सात महिन्यांत ते शब्द माझ्या कानावर पडले नव्हते.

मी वळलो. "त्या पेटीला हात लावलास तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही. आणि तिचं बोलणं माझ्यापुढं बोलायचं नाही."

"ती माझी पण बहीण होती."

"मग मी नाही म्हणतो का? उतर खाली. ऊन चढायच्या आत वीस बादल्या निघाल्या पाहिजेत."

नाथानं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि विहिरीकडं गेला.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. मी तेव्हा विहिरी खोदायचो. जुन्या असतील तर त्यांचा गाळ काढायचो. माझी स्वतःची यारी होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवायचं लोखंडी यंत्र. त्याच्या हाताला तारेचा दोर, दोराला मोठी बादली. खाली माणूस गाळ भरतो, वर इंजिन बादली ओढून घेतं. ज्याच्या रानात काम असेल तिथंच झोपडी घालून दोन-दोन महिने राहायचं. लग्न झाल्यापासून सगुणा माझ्याबरोबर असायची. सगळ्यांचा स्वयंपाक तिच्याकडं. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळं मागं घरी थांबायचं काही कारण नव्हतं.

रोज संध्याकाळी जेवणं झाली की ती पेटीतून शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, काढायची आणि एक अध्याय वाचायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. एक फेरी पुरी व्हायला सव्वातीन वर्षं लागतात, असं ती सांगायची. सत्तावीस वर्षांत आमच्या आठ फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि नववी चालू होती. आज पाहुणे आहेत, आज अंग दुखतंय, आज अध्याय मोठा आहे, यातलं काहीच तिला चालत नसे. नुसत्या नावांचे अध्याय असतात, तेही ती सोडायची नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलेलो. ती वाचायची आणि मी बिडी ओढत पडून राहायचो. पुष्कळदा डोळा लागायचा. पुस्तक मिटलं की ती विचारायची, "काय ऐकलंत?"

मी डोळे न उघडता म्हणायचो, "देव चांगला आहे."

"ते कालचं होतं. आजचं सांगा."

मी कूस बदलायचो. मग ती हसायची आणि कंदील बारीक करायची.

नवव्या फेरीच्या मध्येच तिला कावीळ झाली. सतरा दिवसांत सगळं संपलं. तिला मातीत ठेवून आलो आणि तिची पातळं, तिचं शास्त्र, तिचा चष्मा, सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. पेटी मात्र घरी ठेवली नाही. जिथं काम, तिथं ती माझ्या उशाशी. नाथा रोज संध्याकाळी म्हणायचा, "दाजी, एक अध्याय वाचू." त्याला वाचायला चांगलं यायचं. एकदा मी त्याला सरळच विचारलं, "तिनं सत्तावीस वर्षं रोज वाचलं. तिला काय मिळालं?" त्यानं कंदील बारीक केला.

तर त्या सकाळी आम्ही ढाकणे आबांच्या रानात होतो. विहीर जुनी, पंचेचाळीस फूट खोल, वरपर्यंत दगडांनी बांधलेली. जुन्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी बांधकामावर पहार वाजवून बघायची, हा माझा रोजचा नेम. दगड घट्ट असला की खणखणीत आवाज येतो. मागची माती सुटली असेल तर आवाज बसका येतो. वीस-पंचवीस ठिकाणी वाजवायची, कान द्यायचा, मगच माणूस खाली.

त्या सकाळी मी पहार वाजवली नाही. रागात होतो. नाथा बादलीत उभा राहिला, मी इंजिन चालू केलं आणि त्याला खाली सोडलं.

सात बादल्या वर आल्या. आठवी अर्ध्यावर असताना माझ्या पायाखालची जमीन हलली. यारी विहिरीकडं कलायला लागली. मी इंजिन बंद करून मागं उडी टाकली. यारीच्या बाजूचं बांधकाम वरून खालपर्यंत सुटलं आणि आत गेलं. आवाज इतका झाला की शेजारच्या रानातली माणसं धावत आली.

धूळ बसेपर्यंत खाली काही दिसेना.

"नाथा!"

काही नाही.

"नाथा! अरे नाथा!"

"दाजी..." खालून बारीक आवाज आला. "आहे. मी आहे."

तो समोरच्या भिंतीला चिकटून उभा होता, म्हणून वाचला. पण एक दगड खांद्यावर आणि बरगडीवर बसला होता. डावा हात लोंबत होता. दोन्ही पाय मांडीपर्यंत गाळात रुतलेले. आणि दगड पडले त्या धक्क्यानं झरा फुटला होता. पाणी भरायला लागलं होतं.

आबांनी लगेच एकाला मोटारसायकलवर तालुक्याला पाठवलं. तालुका बत्तीस किलोमीटर. तिथून माणसं, गाडी, सामान यायचं म्हणजे तीन तास तरी हवेत. मी पाण्याकडं बघत होतो. मुरमातली एक रेघ मी खुणेला धरली होती. माझी बिडी संपायच्या आत ती पाण्याखाली गेली.

"तीन तास नाहीत आपल्याकडं," मी आबांना म्हणालो.

यारी एका अंगाला लटकत होती. तिला हात लावायची सोय नव्हती. पण समोरच्या बाजूला, जिथं पूर्वी मोट चालायची, तिथलं दगडी काम भक्कम वाटत होतं. मी कमरेला दोर बांधला आणि तिकडून उतरायला लागलो. चार फूट गेलो असेन. पाय ठेवला तो दगड निखळला आणि खाली गेला. नाथाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडला.

"दाजी, वर जा!" तो ओरडला. "तुम्ही आलात तर दोघं मरू. वर जा!"

मी वर आलो.

मग काथ्याचा जाड दोर काढला. त्याला मोठा फास करून, आवळला जाणार नाही अशी गाठ मारून खाली सोडला. नाथानं उजव्या हातानं तो डोक्यावरून घेतला, कसाबसा दोन्ही काखांतून काढला. वर आम्ही सहा जण. माझे दोन गडी, आबा, शेजारचे दोघं आणि मी.

"ओढा!"

दोर ताठ झाला आणि नाथा जो ओरडला, तसा मोठा माणूस ओरडलेला मी ऐकलेला नाही. गाळ त्याला सोडत नव्हता आणि आम्ही वरून ओढत होतो. ओला काथ्या मोडलेल्या बरगडीवर करवतीसारखा चालला. आम्ही दोर सैल सोडला.

खाली बघितलं तर त्यानं फास काढून बाजूला टाकला होता.

"नाथा, घाल तो दोर परत."

"नाय, दाजी."

"अरे, थोडं सोस."

"नाय सोसवत. आतून फाटतंय. तुम्ही सोडून द्या."

"काय सोडून द्या? विहिरीला पाणी लागलंय, तुला कळतंय का?"

"कळतंय. थंडगार आहे. बरं वाटतंय."

हे ऐकून मी घाबरलो. पाण्यात रुतलेल्या माणसाला बरं वाटायला लागलं की तो हातातून जायला लागलेला असतो. हे मी आधी एकदा बघितलं होतं. पाणी त्याच्या कमरेला आलं होतं. त्याची मान एका बाजूला कलत होती.

आबांच्या घरून कौसाबाई आल्या होत्या, आबांची मंडळी. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मिस्तरी, त्याला बोलतं ठेवा. तुमच्या देवाचं काहीतरी म्हणा की. तुमच्यात म्हणत्यात ना?"

"मला येत नाही."

"एवढी वर्षं बाई वाचायच्या. आमच्या मागच्या विहिरीला आला होता तेव्हा मी रोज ऐकायची बांधावर बसून. अन् तुम्हाला येत नाय?"

मी खाली बघत राहिलो. गाळ. गाळात रुतलेला माणूस. दोर.

आणि मला सगुणाचा आवाज आला. देवाशपथ सांगत नाही, आम्हाला शपथ वर्ज्य आहे. पण आला. कानाशी बोलल्यासारखा आला, सगळा एकसारखा, झोपडीतल्या त्या संध्याकाळसकट. यिर्मया नावाच्या माणसाला लोकांनी विहिरीत टाकलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं, नुसता चिखल होता आणि तो चिखलात रुतत चालला होता. मध्येच म्हणाली, अहो, तेवढं ताट सरकवा, पाय लागेल. तेव्हा राजवाड्यातल्या एका नोकरानं, परमुलखातल्या माणसानं, राजाला जाऊन सांगितलं आणि तीस माणसं घेऊन तो आला. येताना त्यानं वाड्यातून फाटक्या चिंध्या आणि जुनेरं घेतली. बिडी विझली तुमची. ती जुनेरं त्यानं दोरानं खाली सोडली आणि म्हणाला, ही काखेत घाल, दोराच्या खाली.

तिथं ती थांबली होती. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं होतं. "ऐकताय का? ओढायला तीस माणसं होती. पण त्याला दोर लागेल, हे एकट्यालाच सुचलं."

मी त्या दिवशी जागा होतो. विहिरीची गोष्ट होती म्हणून. म्हणालो होतो, "आमच्या धंद्यातला दिसतोय."

त्या संध्याकाळला तेव्हा तीन वर्षं होत आली असतील. मध्ये मला त्या गोष्टीची एकदाही आठवण झाली नव्हती.

मी करदोड्याची किल्ली तोडून कौसाबाईंच्या हातात दिली.

"कौसाबाई, झोपडीत उशाशी पेटी आहे. तिच्यातली पातळं आणा."

"किती?"

"सगळी."

"चांगली का जुनी?"

"तिच्याकडं चांगली नव्हतीच," मी म्हणालो. "जी मऊ असतील ती. पळा."

त्या पळाल्या. साठीच्या बाई, पण पोरीसारख्या पळाल्या. मी विहिरीत तोंड घातलं.

"नाथा! झोपलास का?"

"नाय."

"यिर्मयाला विहिरीतनं कोणी काढलं रे?"

दोनदा विचारावं लागलं. मग, "काय?"

"यिर्मया. चिखलात रुतला होता. त्याला कोणी काढलं?"

"दाजी, डोकं फिरलं का तुमचं?"

"नाव सांग. तू वाचणारा. मला नाव आठवत नाही."

"एबद... एबद-मलेख. कूश देशातला."

"किती माणसं होती?"

"तीस." तो थांबला. त्यानं मान सरळ करून वर बघितलं. "तुम्ही तर झोपलेले असायचात."

"कान कुठं झोपतात, गाढवा."

तो हसायला गेला आणि कळवळला. "हसवू नका. लागतंय."

कौसाबाई आल्या. दोन्ही हातांत मावेनात इतकी पातळं छातीशी धरलेली. त्यांनी ती माझ्यासमोर टाकली, तेव्हा मधून काहीतरी जड खाली पडलं. एका पातळात मी शास्त्र गुंडाळून ठेवलं होतं. आबांनी ते उचललं, धोतराला पुसलं आणि चांगली जागा दिसेना म्हणून स्वतःच्या फेट्यावर ठेवून धरलं.

मी पातळांना हात लावला. सात महिन्यांनी. हिरवं, ठिगळाचं. मोतिया रंगाचं, नाताळाला नेसायचं. निळं, बारीक ठिपक्यांचं, ज्याच्या पदरात ती गरम पातेलं धरायची म्हणून तिथं चटका होता. सगळ्यांना पेटीचा, कापराचा वास आला होता. मला तिचा वास येईल म्हणून मी इतके दिवस पेटी उघडली नव्हती आणि तो वास त्यांच्यात नव्हताच. मी उगाच भीत होतो.

"मिस्तरी," आबा हळूच म्हणाले, "गोण्या आहेत घरी. ही राहू द्या. आठवण आहे."

"गोणीनं सालटं निघेल," मी म्हणालो आणि हिरव्याच्या घड्या घातल्या.

चार पातळांच्या जाड घड्या केल्या. निळं आणि मोतिया मात्र दोराच्या फासालाच गुंडाळलं, तिळाची पेंढी बांधतात तसं गच्च. खाली सोडलं.

नाथाच्या हातात ते गेलं. पाणी तेव्हा त्याच्या पोटावर होतं.

"दाजी," तो म्हणाला, "हे अक्काचं निळं आहे."

"होय."

"चिखल लागेल."

"लागू दे."

"दाजी, तुम्ही पेटी..."

"नाथा, बडबड नंतर. हिरवी घडी डाव्या काखेत. सावकाश. आता दुसरी उजव्या. मग फास त्यांच्यावरून घे. दोर अंगाला कुठं लागतोय का?"

"नाय."

"नीट बघ."

"नाय लागत. मऊ आहे." मग जरा थांबून, "दाजी, हे सुटलं तर?"

"सत्तावीस वर्षांत तिनं मारलेली गाठ सुटली नाही. ही मी मारली आहे, पण शिकलो तिच्याकडूनच. आता ऐक. आम्ही झटका देणार नाही. थोडं ताणू आणि धरून ठेवू. तू तेवढ्यात पाय हलव, गाळात पाणी शिरू दे. मी म्हणेन तेव्हाच पुढं. कळलं?"

"कळलं."

आम्ही सहा जण आणि कौसाबाई. त्यांनीही पदर खोचला आणि दोर धरला. आबांनी शास्त्र जवळच्या झाडाच्या बेचक्यात नीट ठेवलं आणि आले.

"ताणा... धरा. नाथा, पाय!"

"हलतोय. उजवा हलतोय!"

"ताणा... धरा."

बोटभर. चार बोटं. दोर हाताला चावत होता, पण खालून ओरडणं येत नव्हतं, नुसता मोठमोठा श्वास येत होता. पाचव्यांदा ताणलं आणि गाळानं त्याचा डावा पाय सोडला. तो आवाज मी अजून विसरलो नाही, बुडबुडा फुटल्यासारखा. दोर एकदम हलका झाला.

"सुटला! दाजी, सुटलो!"

"गप. आता भिंतीपासून लांब राहा. ओढा, सावकाश... सावकाश..."

पंचेचाळीस फूट. मध्ये दोनदा थांबलो. वीस फुटांवर असताना मागचे आणखी काही दगड गेले, तो मघाशी उभा होता नेमके तिथंच. आम्ही हात चालूच ठेवले. शेवटी चिखलानं माखलेलं डोकं काठाच्या वर आलं आणि आबांनी त्याच्या पाटलोणीला धरून काठावर ओढला.

तो पाठीवर पडला. काखांत हिरव्या, तपकिरी घड्या तशाच. मी त्याच्याजवळ बसलो आणि काय करावं ते न कळून त्याच्या तोंडावरचा चिखल पुसायला लागलो. माझाच हात चिखलाचा होता, त्यामुळं आणखीच माखला.

"दाजी," तो म्हणाला, "तीस नव्हते, सातच होते."

"त्यातल्या एक कौसाबाई," मी म्हणालो. "त्या चोविसांच्या बरोबरीच्या."

कौसाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "मेल्या," त्या नाथाला म्हणाल्या, "भाकरी थापायची टाकून आले मी. गार झाला तवा."

त्याला ट्रॅक्टरमध्ये गवतावर निजवून दवाखान्यात नेलं. तीन बरगड्या आणि खांद्याचं हाड. डाव्या पायाला सूज, मोड नाही. डॉक्टरांनी काखा बघितल्या आणि विचारलं, "दोरानं वर काढलं म्हणता, मग वळ एवढे थोडे कसे?" नाथानं माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो तेव्हा पिशवीत कौसाबाईंनी दिलेली भाकरी-पिठलं होतं, शास्त्र होतं आणि सगुणाचा चष्मा होता. पातळं त्यांनी नदीवर नेऊन धुतली होती. येताना मला ती बांधावरच्या बोरींवर एका ओळीत वाळत घातलेली दिसली. दोन फाटली होती. निळ्याला काही झालं नव्हतं.

नाथा जेवला. मी त्याच्या कॉटच्या कडेला बसलो होतो. एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"नाथा, काल मी पहार वाजवली नव्हती."

"माहीत आहे."

"माहीत होतं आणि उतरलास?"

"आवाज आला नाही म्हणून बघितलं तुमच्याकडं. तुम्ही इंजिनापाशी. म्हटलं, जाऊ दे, आज दाजी रागात आहेत." तो छताकडं बघत होता. "मीही विचारायला पाहिजे होतं. मीही रागातच होतो."

"चूक माझी."

"बरं, तुमची. आता काय करू? या हातानं मारताही येत नाही तुम्हाला."

मी शास्त्र बाहेर काढलं. सगुणाची खूण जागेवर होती, पातळाच्या काठाची एक चिंधी. मी ते पान उघडलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"वाच."

"मला धरता येत नाही. तुम्ही वाचा."

"मला?"

"दुसरी पास ना तुम्ही?"

मी तिचा चष्मा घातला. तो मला बरोबर लागला. अक्षरावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. नहेम्या नावाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय होता. नशीब बघा, नावांचाच अध्याय. यरुशलेमची भिंत पडली होती आणि ती कोणी कोणी बांधली, याची यादी. अमक्यानं इथवर बांधली, त्याच्या शेजारी तमक्यानं. एकेक नाव म्हणजे मला घाट चढल्यासारखं. घाम फुटला. मध्ये म्हणालो, "ही नावं सोडू का?"

"अक्का सोडायची का?"

सोडायची नाही. त्यांनी भिंत बांधली आणि आपण नुसतं नाव वाचायला कंटाळायचं का, असं म्हणायची. मी वाचत राहिलो. सोनारांनी बांधली. अत्तरं करणाऱ्यांनी बांधली. एकानं तर आपल्या मुलींना घेऊन बांधली. ज्यानं त्यानं आपापल्या घरासमोरची.

अर्धा तास तरी लागला असेल. पुस्तक मिटलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता.

"काय ऐकलंत?" नाथानं विचारलं.

या खेपेला मला राग आला नाही.

"देव चांगला आहे," मी म्हणालो.

"ते कालचं."

"होय," मी म्हणालो. "ते कालचं."

शेजारच्या कॉटवर एक म्हातारे गवंडी होते. परांचीवरून पडून पाय मोडलेला. मला वाटलं झोपलेत, कारण मघापासून डोळे मिटूनच पडले होते. ते डोळे न उघडता बोलले.

"मिस्तरी, ती भिंत पुरी झाली का?"

"अजून नाही. पुढं असेल."

"मग उद्या किती वाजता?"

मी चष्मा काढून पातळाच्या काठाची चिंधी एक पान पुढं ठेवली.

"जेवणं झाली की," मी म्हणालो. "रोज."